माझ्या पहिल्या कथेतले ‘मग’

माझी पहिली कथा बावीस पानांची होती. आई गेल्यावर जुनं घर रिकामं करायला भाऊबहीण जमतात, कपाटं उघडतात, सामान बांधतात, टेम्पो येतो, दाराला कुलूप लागतं. मैत्रिणीला वाचायला दिली. शेवटचं पान खाली ठेवून तिने विचारलं, "बरं, मग?"

मला राग आला. आठवडाभर ती पानं मी उघडलीसुद्धा नाहीत. उघडली तेव्हा लाल पेन घेऊन प्रत्येक ‘मग’ आणि ‘नंतर’भोवती गोल काढत बसलो. एकट्या तिसऱ्या पानावर नऊ निघाले.

तोवर कथेचे घटक मला पाठ होते: कथानक, व्यक्तिरेखा, संघर्ष, वातावरण, संवाद, निवेदन, उत्कर्षबिंदू, शेवट. कुणी टीपा लिहायला सांगितल्या असत्या तर पैकीच्या पैकी गुण मिळवले असते. पण ही यादी तयार कथा उलगडून बघायला बरी. कोऱ्या कागदासमोर तिचा काही उपयोग होत नाही. तिथे मला कामाला आला तो इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली दाखवलेला साधा फरक. राजा वारला आणि मग राणी वारली, ही नुसती गोष्ट. राजा वारला आणि त्या दुःखाने राणी वारली, हे कथानक. माणसं दोन्हीकडे तेवढीच मरतात, फक्त दुसऱ्या वाक्यात एका मरणाला दुसरं बांधलेलं आहे.

मी एका कागदावर माझ्या कथेतला एकेक प्रसंग एकेका ओळीत लिहिला आणि दोन ओळींच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते बघू लागलो. कुठेच बसेना, कारण माझ्या कथेत कुणाला काही नकोच होतं. तेव्हा धाकट्या भावाला आईचं शिवणाचं मशीन हवं आहे असं ठरवलं आणि ओळी आपोआप हलायला लागल्या. त्याला मशीन हवं आहे, म्हणून तो सगळ्यांच्या आधी पोचतो. पण मशीनवर आधीच दुसऱ्याच कुणाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. हे बहिणीचंच काम असं वाटून तो चिठ्ठी उपटून खिशात घालतो. पण संध्याकाळी नीट बघतो तर अक्षर आईचं.

संघर्ष तो हाच. नव्याने लिहिणाऱ्याला संघर्ष म्हणजे भांडण वाटतं. मीही दुसऱ्या खर्ड्यात भावाबहिणीला दीड पान भांडायला लावलं होतं, आणि ते पान सगळ्यात कंटाळवाणं झालं होतं. कुणाला तरी काहीतरी हवं असणं आणि त्याच्या आड काहीतरी येणं, एवढं पुरतं. आवाज चढवायलाच हवा असं नाही. ॲरिस्टॉटलने कलाटणी आणि उलगडा एकाच क्षणी आले तर उत्तम, असं म्हटलं आहे. अक्षर ओळखू येतं त्याच क्षणी स्वतःला हक्कदार समजणारा भाऊ चोर ठरतो, तेव्हा त्या म्हणण्यातली गोम मला कळली.

जर्मन लेखक गुस्ताफ फ्रायटागचा १८६३ सालचा पिरॅमिड, म्हणजे नाटकाच्या रचनेचा आराखडा, तोही मी वापरून पाहिला: प्रस्तावना, चढण, शिखर, उतरण, अखेर. तो मुळात पाच अंकी नाटकांवरून काढलेला आहे. छोट्या कथेत बसवायला गेलो तर माझी प्रस्तावनाच चार पानं खाऊन बसली. सोडून दिला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कुणी सांगायचं यात. आधी भावाकडून ‘मी’ म्हणून लिहिली. मराठीत ‘मी’ निवडला की लपायला जागा नाही, ‘आलो’ की ‘आले’ हे पहिल्याच क्रियापदात ठरतं. मग बहिणीकडून लिहिली, आणि कथाच बदलली. चिठ्ठी आईची आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. ती निवेदक असताना हे वाचकापासून दडवलं तर लबाडी होते, आणि सांगून टाकलं तर धक्का जातो. पण त्याच्या बदल्यात ‘याला कधी कळणार?’ ही वेगळीच घालमेल मिळते. सर्वसाक्षी निवेदकाला दोघांचीही मनं दिसतात. माझा तर एकाच परिच्छेदात टेम्पोवाल्याच्याही मनात शिरून आला. शेवटी तृतीयपुरुषी, पण भावाला दिसेल तेवढंच सांगणारं निवेदन ठेवलं.

काळाचं एक हत्यार आपल्या भाषेत आयतंच आहे. ‘आई दुपारी मशीनवर बसे, उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवी.’ एका वाक्यात दहा वर्षं जातात. ‘त्या दुपारी आई मशीनवर बसली आणि पायडलला पाय न लावताच उठली.’ इथे घड्याळ चालू होतं, प्रसंग उभा राहतो. माझी पानंच्या पानं ‘करायची, जायची, म्हणायची’ अशी भरली होती, म्हणून तर बावीस पानांत एकही दिवस उजाडला नव्हता. आईच्या आठवणीही मी आरंभीच ओतल्या होत्या. घडण्याचा क्रम तोच सांगण्याचा क्रम असायला हवा असं कुठे आहे? त्या आता चिठ्ठीनंतर येतात, वाचकाला आई कशी होती हे जाणून घ्यायचं असतं तेव्हा.

वातावरणाबद्दल थोडंच. पावसाचं एक पानभर वर्णन होतं, काढलं. पात्रांचा हात लागतो तेवढ्याच वस्तू ठेवल्या. संवादात विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर येऊ दिलं नाही:

"इथली चिठ्ठी कुठे गेली?"

"टेम्पो किती वाजता येणार आहे?"

आशय, संदेश वगैरेंचा विचार लिहिताना करूच नये, या मताचा मी आहे. माझ्या शेवटच्या परिच्छेदात ‘वस्तूंपेक्षा माणसं महत्त्वाची हे त्याला उमगलं’ असं वाक्य होतं. ते काढताना जीव तुटला, खोटं कशाला बोला. आता भाऊ चिठ्ठी पुन्हा मशीनवर लावायला जातो. डिंक सुकलेला असतो, ती चिकटत नाही, म्हणून तो बोटाने दाबून धरून उभा राहतो. कथा तिथे थांबते.

नवी आठ पानं मैत्रिणीला दिली. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "नेलं का रे त्याने मशीन?" मी सांगितलं नाही. मग म्हणाली, "चौथं पान मात्र अजून रेंगाळतंय." घरी येऊन बघितलं. तिथे दोन ‘मग’ उरले होते.