वर्तुळाकार लिंक्ड लिस्ट कशी बांधावी: ओलिताच्या पाळीचे उदाहरण

रब्बीत कालव्याच्या एका चारीवरील कास्तकारांची ओलिताची पाळी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लिंक्ड लिस्ट म्हणजे नोडची, म्हणजे माहितीच्या कप्प्यांची, साखळी; प्रत्येक नोडमधील ‘नेक्स्ट’ हा पॉइंटर पुढच्या नोडचा पत्ता ठेवतो. असे पाळीपत्रक संगणकात ठेवण्यासाठी वर्तुळाकार लिंक्ड लिस्ट सोयीची पडते, कारण तिच्यातील शेवटच्या नोडचा ‘नेक्स्ट’ नल (म्हणजे कोणताच पत्ता नसलेला) नसून पहिल्या नोडकडे वळलेला असतो.

सी भाषेत नोडसाठी एक स्ट्रक्चर (अनेक घटक एकत्र ठेवणारा प्रकार) करून त्यात गट क्रमांक आणि नेक्स्ट हे दोन घटक ठेवावेत. साध्या यादीत आपण ‘हेड’, म्हणजे पहिल्या नोडचा पत्ता, जपतो. येथे मात्र ‘टेल’, म्हणजे शेवटच्या नोडचा पत्ता, जपणेच शहाणपणाचे आहे. टेलच्या नेक्स्टमध्ये पहिला नोड आयताच मिळतो, त्यामुळे यादी कितीही लांब असली तरी सुरुवातीला किंवा शेवटी नोड जोडण्यास सारखाच वेळ लागतो.

यादी रिकामी असताना टेल नल असतो. पहिला नोड, समजा गट क्रमांक 12, मॅलॉकने (मेमरीत जागा मागणाऱ्या फंक्शनने) तयार केल्यावर त्याचा नेक्स्ट त्याच्याकडेच वळवावा आणि टेलमध्ये त्याचा पत्ता ठेवावा. पुढे गट क्रमांक 15 जोडताना आधी नव्या नोडच्या नेक्स्टमध्ये टेलच्या नेक्स्टमधील पत्ता उतरवावा, मग टेलचा नेक्स्ट नव्या नोडकडे वळवावा आणि शेवटी टेल नव्या नोडवर आणावा. पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली, तर पहिल्या नोडचा पत्ता पुसला जातो. शेवटची पायरी मुद्दाम गाळली, तर तोच नोड यादीच्या आरंभी बसतो.

पाळी पुढे सरकवणे सर्वांत सोपे: यादी रिकामी नसेल, तर टेलला टेलच्या नेक्स्टवर न्यावे, बस्स.

यादी छापताना नल कधीच येत नाही, म्हणून तो शोधणारे लूप थांबतच नाही. यादी रिकामी नाही हे तपासून डू-व्हाइल (आधी काम करून मग अट तपासणारे लूप) वापरावे आणि पुन्हा पहिला नोड येताच थांबावे.

एखाद्याने पाण्याची मागणी मागे घेतली, तर त्याच्या आधीचा नोड शोधून त्याचा नेक्स्ट वगळायच्या नोडच्या पुढच्याकडे जोडावा. वगळायचा नोड टेल असल्यास टेल आधीच्या नोडवर आणावा, आणि तो एकटाच असल्यास टेल नल करावा. नोड फ्री करायचा, म्हणजे त्याची मेमरी परत द्यायची, ती यानंतरच. मागितलेला गट यादीत नसेल, तर शोध एका फेरीनंतर थांबलाच पाहिजे.

हंगामाअखेर सगळी यादी मोकळी करताना पहिल्या नोडचा पत्ता वेगळा ठेवून टेलचा नेक्स्ट नल करावा, म्हणजे वर्तुळ तुटते आणि साध्या यादीसारखे एकेक नोड फ्री करता येतात.