कमी विटांत थंड घर कसं बांधावं

परवडणारं घर म्हणजे सळई कमी आणि सिमेंट हलकं, असं धरून चालणारे पुष्कळ भेटतात. तिथे काटकसर करू नका. माल जिथे नुसती जागा भरतो तिथे वाचवा: भिंतीच्या पोटात आणि स्लॅबच्या खालच्या अंगाला. तिथे वीट आणि काँक्रीटऐवजी हवा कोंडली की खर्च उतरतो आणि उन्हाची धगही आत यायला वेळ लागतो. १९४५ मध्ये भारतात आलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी पुढे केरळात याच दोन युक्तींनी असंख्य साधी, देखणी घरं उभी केली.

आधी नकाशा. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापतं ते छत, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेला सरकवा. झोपायची खोली तिकडे नको. याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

पाया काळ्या मातीवर बसवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत जा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्या भिंतींना बांधून ठेवणारं काही नव्हतं. म्हणून जोत्याला, लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीला) आणि छताखाली सळई घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा घ्या, कोपऱ्यांत उभी सळई घ्या. हा खर्च टाळायचा नाही.

आता विटा. कोकणात असाल तर जवळच्या खाणीतला जांभा चिराच घ्या, दुरून विटा आणण्यात अर्थ नाही. घाटावर मात्र भट्टीवर स्वतः जा. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. वीस विटा ओळीने मांडून टेप लावा. लहानमोठ्या असतील तर पुढे सांगितलेली पोकळ भिंत जमणार नाही. एक कोरडी वीट घरच्या काट्यावर तोला, दिवसभर पाण्यात बुडवून पुन्हा तोला. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमहून जास्त पाणी प्यायली तर ती भट्टी सोडा.

भिंतीसाठी ‘रॅट ट्रॅप बाँड’ वापरायचा. नेहमीसारखी वीट आडवी न निजवता कडेवर उभी करायची: दोन विटा समोरासमोर, एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या, मग त्यांना जोडणारी एक, भिंतीच्या रुंदीत, तीही कडेवरच. भिंत नऊ इंचीच होते, पण मधे सुमारे तीन इंचांची पोकळी राहते. विटा जवळजवळ चौथाईने कमी लागतात, सिमेंट-वाळूचा मालही वाचतो. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा थर, दारं-खिडक्यांच्या बाजू मात्र भरीव ठेवा.

गवंड्याची सवय मोडणं हेच खरं अवघड काम. आमच्या पहिल्या भिंतीत मिस्त्रींनी नेहमीच्या हाताने थापीभर माल पसरला आणि निम्मी पोकळी मालाने भरली. दोन थर उतरवावे लागले. मग पोकळीच्या मापाची लाकडी पट्टी कापून प्रत्येक थराला ती पोकळीवर धरायची, माल टाकायचा, पट्टी उचलायची असं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात बसला. वायरिंगचे पाइप पोकळीतून नेता येतात, पण ते बांधकाम चालू असतानाच.

छताला ‘फिलर स्लॅब’. स्लॅबवर भार आला की तो किंचित वाकतो. वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. ताण सळई पेलते, सळयांमधलं खालचं काँक्रीट तिथे फारसं काही करत नाही. त्या जागी मंगलोरी कौलांची जोडी एकावर एक ठेवायची, मधे हवा राहते. उतरवलेल्या जुन्या घरांची कौलं स्वस्तात मिळतात. तडकलेली तेवढी बाजूला काढा. सळयांचं अंतर कौलाच्या मापाने येतं आणि आधारांजवळ स्लॅब भरीव ठेवावा लागतो, म्हणून आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. पंख्याचे हुक आणि दिव्यांचे बॉक्स आधीच बसवा, नंतर खालून ड्रिल मारलं तर कौल फुटतं. ओतण्याआधी कौलं भिजवा, नाहीतर ती काँक्रीटमधलं पाणी शोषतात.

स्लॅबवर दोन आठवडे पाणी साठवून ठेवा, मग वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करा. ऊन तिथूनच परतवलं जातं. खालून गिलावा नको. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा) निघालं की कौलांवरचे सिमेंटचे ओघळ ओल्या काथ्याने त्याच दिवशी घासून काढा. वाळले की निघत नाहीत.