बीजिंगचं बेइतांग चर्च: एक सकाळ राखून ठेवा

सोलापूरच्या भैया चौकातलं, चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणिसांचं स्मारक बघून बाहेर पडताना पुष्कळ जण म्हणतात, एकदा चीनला जायला पाहिजे. जाणार असाल तर शिजियाझुआंग शहरातल्या त्यांच्या समाधीच्या आधी बीजिंगमधलं बेइतांग, म्हणजे उत्तरेचं चर्च बघा. मी सोलापुरात चाळीस वर्षं मेडिकल चालवलं. या चर्चची गोष्ट औषधापासूनच सुरू होते, म्हणून मला ते फार जवळचं वाटतं.

1693 साली कांगशी बादशहाला हिवताप झाला. जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी त्याला सिंकोनाची साल दिली. आपलं कोयनेल निघतं ते हिच्यातूनच. ताप उतरला, बादशहाने राजवाड्यालगत जागा दिली आणि 1703 मध्ये तिथे चर्च उघडलं. पुढे ती जागा राजघराण्याला हवी झाली, म्हणून 1880 च्या दशकात ते आजच्या जागी, शीशकू भागात आलं.

मेट्रोच्या 4 नंबर लाइनने शीस्स स्टेशनला उतरायचं, पुढे थोडं चालणं. पत्ता हॉटेलवाल्याकडून चिनी लिपीत लिहून घ्या, तोच कागद दाखवत जा. अलीपे या पैसे भरायच्या चिनी ॲपला कार्ड घरूनच जोडून ठेवा. पासपोर्ट कायम खिशात.

आवारात शिरलात की लगेच चर्चमध्ये घुसू नका. आधी समोर उभे राहा. दोन्ही अंगांना पिवळ्या कौलांचे चिनी मंडप आहेत. पिवळी कौलं हा बादशाही मान, ती कुणालाही मिळत नसत. त्यांच्यामधून करड्या-पांढऱ्या दगडाची टोकदार कमानींची इमारत वर चढते आणि तिच्यापुढे दगडी सिंह बसलेत, देवळापुढे असावेत तसे. 1900 च्या बॉक्सर बंडात, म्हणजे परकीयांविरुद्धच्या उठावात, या आवाराला सुमारे दोन महिने वेढा होता आणि आत हजारो माणसं कोंडली गेली होती. हे मनात ठेवून बघितलं की भिंती वेगळ्याच दिसतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असेल तर टोपी काढून शेवटच्या बाकावर बसा, फोटो नंतर.

तिथून बेइहाय बागेतला 1651 चा पांढरा स्तूप जवळच. पण तो टेकडीवर आहे, पाय दुखत असतील तर तो सोडा आणि पश्चिमेचं म्याओयिंग मंदिर गाठा. तिथला स्तूप युआन, म्हणजे मंगोल राजवटीच्या काळातला, नेपाळच्या अरनिकोने उभारलेला. परक्या मुलखात जाऊन काम करणाऱ्या माणसांची ओढ आम्हा सोलापूरकरांना असायचीच.

दुसऱ्या दिवशी बीजिंग वेस्टहून वेगवान रेल्वेने दीडेक तासात शिजियाझुआंग. तिकीट पासपोर्टवरच निघतं. हुतात्मा स्मशानभूमीत कोटणिसांचा पांढरा पुतळा आहे. फुलं नेताना दोन गुच्छ न्या. त्याच आवारात कोटणिसांसारखेच चीनमध्ये रुग्णसेवा केलेले कॅनडाचे डॉ. बेथून आहेत आणि बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालक आपले कोटणीस होते.