व्हिएतनाममध्ये डोंगर आणि समुद्र: सुट्टी कोणती, त्यावर किनारा ठरवा

आपल्याकडची बरीच मंडळी दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जातात आणि थेट मध्य किनाऱ्यावरच्या दा नांग, होइ आनची बुकिंग करतात. नेमकी इथेच गडबड होते. नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीला अडून कोकणात कोसळतो, तसा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येचा वारा त्रुओंग सोन डोंगररांगेला अडून मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर कोसळतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुरामुळे होइ आनच्या जुन्या गावातल्या गल्ल्यांत होड्या चालत होत्या. अशा वेळी समुद्रही खवळलेला असतो, पोहता येत नाही.

म्हणून आधी सुट्टी बघा. मे महिना असेल तर दा नांग-होइ आन उत्तम: ऊन कडक, पण समुद्र शांत. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते मार्च असेल तर दक्षिणेचं फू क्वोक बेट घ्या. मे ते ऑक्टोबर हा तिथला पावसाळा. डोंगरासाठी उत्तरेचं सापा. उंची साधारण १,५०० मीटर. सप्टेंबरमध्ये तिथली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती पिवळीधमक होते, दिवाळीपर्यंत कापणी उरकलेली असते पण हवा स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी, तेव्हा लहान मुलांना घेऊन जाऊ नका. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात त्यांचं नववर्ष, तेत, येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, गाड्या भरलेल्या. तारीख चांद्र पंचांगाप्रमाणे बदलते, ती तपासूनच तिकीट काढा.

दहा दिवस हातात असतील तर हनोईत उतरून एक रात्र, सापाला तीन, परत हनोईत एक आणि उरलेले दिवस समुद्रावर. डोंगर आधी ठेवा. चिखल, चढण, लवकर उठणं सुरुवातीलाच उरकतं. हनोईतली मधली रात्र वाचवायचा मोह टाळा. सापाची बस घाटात अडकली तर त्याच दिवसाचं विमान चुकतं, आणि स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.

हनोई ते सापा बसने साधारण सहा तास. रात्रीची स्लीपर बस घेतली तर ती पहाटे चारलाच पोचते आणि खोली दुपारी मिळते. सकाळी सातची बस बरी. स्लीपरमध्ये चढताना बूट काढून पिशवीत ठेवावे लागतात, आणि उंच माणसाला बर्थ आखूड पडतो.

सापाजवळचं फान्सिपान शिखर ३,१४७ मीटर. सव्वासहा किलोमीटरच्या रोपवेने वर जाता येतं; पुढे सुमारे ६०० पायऱ्या किंवा छोटी रेल्वे. हे तिकीट आधी काढून ठेवू नका. सकाळी हॉटेलात वरच्या हवामानाची चौकशी करा आणि मग निघा. ढग असले तर वर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा: एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५०, मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. पैसे परत मिळत नाहीत, आणि नकली साइट दुप्पट-तिप्पट उकळतात. मराठी नावांची खास अडचण अशी, की पासपोर्टवर पहिल्या नावालाच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. ते पासपोर्टवर आहे तसंच, पूर्ण, अर्जातही आणि विमानाच्या तिकिटातही लिहा. सुरुवातीची तारीख उतरण्याच्या दिवसाची किंवा आधीची हवी. त्या तारखेआधी, अगदी आदल्या रात्री उतरलात तरी आत सोडत नाहीत. तीन आठवडे आधी अर्ज करा, छापील प्रत जवळ ठेवा.

पैशांचा हिशोब सोपा: डाँग या तिथल्या चलनाच्या आकड्यातली शेवटची तीन शून्यं काढा आणि साडेतीनने गुणा, अंदाजे रुपये येतात. १,००,००० डाँग म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या. अंधारात टॅक्सीवाल्याला देताना हमखास घोळ होतो, म्हणून पाच लाखांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

स्कूटर भाड्याने कुणीही देतो, पण भारतातलं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या रस्ते वाहतूक करारानुसार असतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराचंच मानतं, म्हणजे आपलं तिथे चालत नाही. पोलिसांचा दंड परवडला, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. घाटात चालकासह दुचाकी घ्या आणि मागे बसा.

शाकाहारी मंडळींनी फक्त ‘मांस नको’ सांगून भागत नाही, कारण भाजीतही मच्छीचा सॉस पडतो. ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) पाटी असलेली खानावळ शोधा. ती बौद्धांची पूर्ण शाकाहारी असते. चांद्र महिन्याच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला बरेच जण शाकाहार पाळतात, त्या दिवशी असं जेवण सहज मिळतं. सापाच्या आडगावात मात्र पर्याय कमी, तिथे जाताना थेपले आणि चटणी सोबत घ्या.