तीन पिढ्यांसह गड्ड्याला जाताना या चुका टाळा

संक्रांतीच्या सुमारास पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला स्थायिक झालेली अनेक सोलापूरकर कुटुंबे गावी येतात आणि एखाद्या संध्याकाळी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे मिळून होम मैदानावरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेनिमित्त भरणाऱ्या जत्रेला, निघतात. लहानपणी वडिलांनी आपल्याला ज्या गड्ड्यात आकाशपाळण्यात बसवले, तेथेच आपल्या मुलाला बसवावे आणि वडिलांनी ते समोर उभे राहून पाहावे, ही इच्छा अगदी रास्त आहे. मात्र ती पुरी करताना सगळ्यांनी सगळे एकत्रच पाहिले पाहिजे असा आग्रह धरला जातो आणि बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात.

सर्वांत जास्त चूक होते ती दिवस निवडण्यात. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या यात्रेत ६८ लिंगांना तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह), संक्रांतीला होमप्रदीपन (होम पेटवण्याचा विधी) आणि किंक्रांतीला शोभेचे दारूकाम असा क्रम असतो. त्यांपैकी होमप्रदीपन होम मैदानावरच होते. त्यामुळे विधीही पाहू आणि त्याच फेरीत मुलांना खेळवून आणू, असा बेत केला की आजोबा गर्दीत दमतात आणि मुले रांगेत कंटाळतात. गड्डा मुख्य विधी संपल्यावरही बरेच दिवस भरलेला असतो. त्या दिवसांतला कामाचा वार निवडावा, चार-साडेचारला पोहोचावे आणि दिवे लागल्यावर तासाभरात ज्येष्ठांना घरी पोहोचवण्याची सोय आधीच करून ठेवावी. मैदानावर विजेच्या तारा आणि तंबूंचे दोर पसरलेले असतात व जमीन सपाट नसते. उजेड असताना आजीच्या पायाला ते दिसते, अंधारात दिसत नाही. अक्षता सोहळ्यासाठी मात्र वेगळा दिवस राखून ठेवावा. शुभ्र बाराबंदीतले (बंदांच्या पारंपरिक अंगरख्यातले) भक्त, मिरवणुकीतले ७ नंदीध्वज (सजवलेले उंच मानाचे ध्वजदंड) आणि हर्र बोला हर्रचा गजर नातवंडांनी पाळण्याच्या आधी पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण गड्डा भरतो तो त्या यात्रेमुळे.

दुसरी मोठी चूक आकाशपाळण्यापाशी होते. ‘बाबा, पूर्वी तुम्हीच तर आम्हाला बसवायचा, आता चला’ असे म्हणून सत्तरीतल्या वडिलांना हाताला धरून चढवले जाते. पाळणा थेट फिरू लागत नाही. तोल सांभाळण्यासाठी चालक समोरासमोरच्या डब्यांत थोडी थोडी माणसे बसवत चाक पुढे सरकवतो. त्यामुळे फेरी सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर उंचावर बराच वेळ अडकून राहावे लागते आणि मध्येच कोणाला अस्वस्थ वाटले तरी लगेच उतरता येत नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मानेचा किंवा मणक्याचा त्रास, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर भिडेखातर बसू नये आणि दुसऱ्यांनीही गळ घालू नये. बसणाऱ्यांनी समोरचा दांडा अडकवला आहे की नाही हे स्वतः हलवून पाहावे. लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय बसवू नये. दांडा सैल वाटला किंवा चालक घाई करत असेल, तर तिकिटाच्या पैशांचा विचार न करता उतरावे.

पोटभर भजी-भेळ खाऊन गोल फिरणाऱ्या खेळात बसले की मळमळते. आतल्या कानाला जाणवणारी गती आणि डोळ्यांना दिसणारे दृश्य यांचा मेळ बसत नसल्यामुळे हे होते, आणि भरल्या पोटी त्रास वाढतो. आधी खेळ आणि मग खाणे, एवढा क्रम पाळावा. त्रास झालाच तर माणसाला सावकाश उतरवून मोकळ्या हवेत बसवावे, नजर एका स्थिर वस्तूवर ठेवायला सांगावे आणि पाणी घोट घोट द्यावे. छातीत दुखणे, दरदरून घाम किंवा धाप असेल, तर ती चक्कर समजून थांबू नये. १०८ ला फोन करावा आणि जवळच्या पोलिसांची मदत घ्यावी.

मौत का कुआँ, म्हणजे विहिरीसारख्या गोल भिंतीवर मोटारसायकली फिरवण्याचा खेळ, पाहायला उंच जिने चढून फळ्यांवर उभे राहावे लागते, शिवाय धूर आणि इंजिनांचा आवाज असतो. गुडघेदुखी किंवा दमा असलेल्यांनी, तसेच तान्ह्या मुलांना घेऊन तेथे जाऊ नये.

एका ठिकाणी बसण्याची जागा ठरवून न ठेवणे ही चूक किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे संध्याकाळ बिघडते. आत शिरताच एखादी कमान किंवा मोठी पाटी ओळखीची खूण म्हणून सर्वांना दाखवावी, तिच्याजवळ ज्येष्ठांना निवांत बसवावे, सोबतीला एक जण थांबावा आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने फिरून यावे. आजीला बांगड्यांची दुकाने पाहायची असतात, नातवाला खेळणी हवी असतात. दोघांना वेगवेगळे सोडले तर दोघेही खूश राहतात. गर्दीत मोबाइल लागत नाही किंवा गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून परत भेटण्याची वेळ आधीच ठरवावी.

मूल दिसेनासे झाले तर सगळ्यांनी चहूकडे पळू नये. एकाने मूल शेवटचे दिसले त्या जागी उभे राहावे आणि दुसऱ्याने लगेच बंदोबस्तावरील पोलिसांकडे जाऊन ध्वनिक्षेपकावरून पुकारा करवावा. घरातून निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढलेला असेल आणि त्याच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असेल, तर शोध फार सोपा होतो. विस्मरणाचा त्रास असलेल्या आजोबांच्या खिशातही तशीच चिठ्ठी ठेवावी.