ट्राउट सोडायचा तर जिवंत सोडा

गळाला लागलेला ट्राउट मासा परत पाण्यात सोडला आणि तो हातातून सुळकन निसटून गेला, की जगला, असं आपण धरून चालतो. तो तासाभराने दगडाआड उताणा पडला तरी आपल्याला कळत नाही. म्हणून सोडण्याची तयारी गळ टाकण्याआधीच करायची.

नदीवर पोचलो की मी आधी थर्मामीटर बुडवतो. ट्राउट थंड पाण्याचा जीव, १० ते १६ अंश सेल्सिअसला खुशीत असतो. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो: १० अंशाला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, २० अंशाला ९. आणि नेमकी तेव्हाच माशाची भूक ऑक्सिजनची वाढलेली असते. पारा २० च्या आसपास दिसला तर मी काठी पिशवीतून काढतच नाही. उन्हाळ्यात यायचंच असेल तर पहाटे या.

गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. मग मासे निसटतात, ही कुरकुर मी बरीच ऐकली आहे. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणलेला ठेवा, फारसे निसटत नाहीत. तंगूस फार बारीकही नको. बारीक असला की माशाला खेळवत बसावं लागतं, तो दमतो, आणि स्नायूंत साठलेलं आम्ल निवायला कित्येक तास लागतात.

आता खरा घात कुठे होतो ते बघा. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या पाण्यात सुट्या फुललेल्या असतात. हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि मासा गुदमरतो. फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी १९९२ मध्ये दमवलेल्या रेनबो ट्राउटवर हे तपासलं. हवेत अजिबात न काढलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद काढलेल्यांपैकी ३८ टक्के, एक मिनिट काढलेल्यांपैकी ७२ टक्के. फोटोच्या नादात एक मिनिट कुठे जातं समजत नाही! फोटो हवाच तर मासा पाण्यातच राहू दे, कॅमेरा खाली न्या.

झोळी रबरी जाळीची, बिनगाठीची घ्या. हात आधी ओले करा. कोरड्या हाताला अंगावरची बुळबुळ निघून येते, आणि त्या जागी कापसासारखी बुरशी धरते. छातीच्या परांमागे दाबू नका, हृदय तिथेच जवळ असतं. पाण्यातच उताणा धरला की बहुतेक ट्राउट गप्प राहतात, तेवढ्यात चिमट्याने गळ काढा. घशात खोल गेला असेल तर ओढाओढ नको. तंगूस तोंडाशी कापा, गळ आत राहू द्या.

सोडताना तोंड प्रवाहाकडे, एक हात पोटाखाली. पुढे-मागे हलवायचं नाही, मागे ओढल्यावर पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. कल्ल्यांची झाकणं संथ उघडमीट करू लागली, शेपटीने हिसका दिला, की हात काढा.

चालतानाही पायाखाली बघा. गोट्यांमध्ये धुतल्यासारखा फिकट पट्टा दिसला तर तो मादीने शेपटीने उकरलेला खड्डा असू शकतो, अंडी खालीच असतात. ब्राउन ट्राउटची शरदात पडतात, आणि १० अंशालाही फुटायला सुमारे ४० दिवस लागतात. गार पाण्यात कितीतरी जास्त. तिथून वळसा घाला.

घरी निघण्याआधी बूट त्याच काठावर घासा. कोवळ्या पिल्लांच्या कूर्चा पोखरून त्यांना गोल गोल फिरायला लावणाऱ्या परजीवीचे बीजाणू चिखलातून दुसऱ्या नदीत पोचतात. नमद्याच्या तळाचे बूट चिखल धरून ठेवतात. माझे मी टाकूनच दिले.