बालीला निघताय? तिकीट काढतानाच्या या चुका टाळा

बालीची तयारी म्हटली की टोप्या, सनस्क्रीन आणि कुठल्या झोपाळ्यावर बसून फोटो काढायचा याची चर्चा. घोळ मात्र तिकिटात होतो, आणि तो मुंबई सोडायच्या आधीच झालेला असतो.

सगळ्यात वेडी चूक तारखेची. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ मे, ००:४० असं छापलं असेल, तर १४ तारखेला रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर पोचायचं. पंचांगातला दिवस सूर्योदयाला बदलतो आणि आपल्या बोलण्यातलाही, म्हणून ‘१५च्या रात्री निघायचं’ असं घरभर ठरून जातं. पुणेकरांनी शुक्रवारी किंवा रविवारी निघताना खंडाळ्याच्या घाटासाठी दोन तास वेगळे धरावेत.

दुसरी चूक खरी महागातली. थेट विमान सोयीच्या दिवशी मिळालं तर प्रश्नच नाही. नाही मिळालं की मुंबई–सिंगापूर एक तिकीट आणि सिंगापूर–देनपसार (बालीचा विमानतळ) दुसरं, असं जोडकाम सुरू होतं. माणशी काही हजार वाचल्यासारखे दिसतात. पण एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, प्रवास असेल तर सहसा बॅग थेट बालीला जाते आणि पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय कंपनी बघते. दोन पीएनआर असले की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. शिवाय बॅग सिंगापूरच्या पट्ट्यावर येते. ती उचलायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतील. क्वालालंपूरला दोन टर्मिनल आहेत आणि एकातून दुसऱ्यात जायला ट्रेन किंवा बस धरावी लागते. मध्ये दोन तास ठेवून भागणार नाही, पाच ठेवा.

अशी तिकिटं काढून बसला असाल तर फक्त केबिन बॅग न्या आणि दुसऱ्या कंपनीला आधीच विचारा, की बाहेर न पडता बोर्डिंग पास मिळेल का. ‘नाही’ म्हणाले तर व्हिसा काढा किंवा तिकीट बदला, तिथे गेल्यावर नशिबावर सोडू नका. पुढचं विमान चुकणार असं दिसलं, तर ते सुटायच्या आत कंपनीला कळवा. नुसतं गैरहजर राहिलात तर त्याच बुकिंगवरचा परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो. एकच पीएनआर असला तरी मुंबईत बॅगेच्या टॅगवर डीपीएस (DPS) ही देनपसारची अक्षरं बघूनच काउंटर सोडा.

खाऊच्या पिशवीकडेही एकदा बघा. सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे. म्हणजे दिवाळीचे अनारसे आणि खसखस घातलेला घरचा मसाला दोन्ही घरीच ठेवा. लोणचं केबिन बॅगेत नको.

मोसमाचं गणित तर आपल्याकडे सरसकट उलटं लावलं जातं. नाताळच्या सुट्टीत गोवा छान असतो म्हणून बालीही छान असेल, असं नाही. तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, आणि डिसेंबर-जानेवारीत कुटा, सेमिन्याकच्या किनाऱ्यावर समुद्र प्लास्टिकचा कचरा आणून टाकतो. त्यापेक्षा आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत कोरडं असतं. माझं मत विचाराल तर मेच.

पाडव्याला जोडून जाणार असाल तर मात्र सावध. बालीचं नववर्षही शकाचंच, न्येपी; २०२६ साली गुढीपाडवा आणि न्येपी दोन्ही १९ मार्चलाच. त्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद असतो, पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. त्या तारखेला येणारं-जाणारं विमान नसतंच, पण बोट आणि हॉटेल यांचं बुकिंग आपण बेधडक करून बसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: पासपोर्टला पोचायच्या दिवसापासून किमान सहा महिने हवेत. ३० दिवसांच्या आगमन-व्हिसाचे (व्हिसा ऑन अरायव्हल) ५ लाख रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचं चलन, आणि फेब्रुवारी २०२४पासूनचा पर्यटक कर दीड लाख रुपिया, दोन्ही निघण्याआधी ऑनलाइन भरता येतात.

राहिली ज्वालामुखीची राख. नोव्हेंबर २०२४मध्ये शेकडो किलोमीटर लांबच्या फ्लोरेस बेटावर लेवोतोबी भडकला आणि बालीची विमानं रद्द झाली. विमा तिकिटासोबतच काढा. उद्रेकाची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यात तो धरत नाहीत. आणि परतीचं विमान रविवारी रात्रीचं घेऊन सोमवारी सकाळची मीटिंग लावू नका.